कात्रीपुरती जागा

"मला कडेला का उभं केलंत?" बाईनं विचारलं, आणि कुंडलिकच्या तोंडून नेहमीचं उत्तर निघून गेलं, "उंचीमुळं, ताई." हे उत्तर गेली वीस वर्षं त्याच्या जिभेवर तयारच असायचं. ग्रुप फोटोत माणसं कशीही लावा, एक तरी जण रुसतोच, आणि रुसलेल्याला उंचीचं कारण दिलं की तो गप्प बसतो. पण ही बाई गप्प बसली नाही. तिनं मागं वळून गल्लीत कुणी ओळखीचं आहे का ते बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "धाकट्या जाऊबाई माझ्याएवढ्याच आहेत. त्यांना मध्ये घेतलंत. खरं सांगा, सासूबाईंनी सांगितलं ना तुम्हाला?" मंगळवारची भर दुपार होती. घाटकोपरच्या त्या गल्लीत अशा उन्हात ट्रॉम्ब्याच्या नोकऱ्यांचे अर्ज भरणारी पोरं तेवढी पासपोर्ट फोटोला येतात, बाकी कुत्रंही फिरकत नाही. कुंडलिकनं बाईकडं नीट बघितलं. भटवाडीतल्या धाकूची ही थोरली सून, विमला. धाकू म्हणजे गिरणीतून घरी बसलेला शांत म्हातारा. त्याचं सगळं घर परवा रविवारी येऊन फोटो काढून गेलं होतं, मस्कतला असलेल्या थोरल्या मुलाला, सीतारामला, पाठवायला. हिच्याच नवऱ्याला. कुंडलिकनं काउंटरवरची पाकिटं उगाच सरळ केली. कारण सासूनं सांगितलं होतं, असं त्याला वाटत होतं. आणि नव्हतं सांगितलं, असंही वाटत होतं.

आता ही कडेची भानगड काय ते सांगायला हवं, कारण ती धंद्यातल्या माणसालाच कळते. कुंडलिक हे काम कुर्ल्याला अंबादासमामाकडं शिकला. अंबादासमामा तोंडाचा फाटका, पण उजेडाचा बादशहा. दोन पाचशे वॅटचे दिवे, पत्र्याच्या दोन थाळ्या, एक पांढरी छत्री, एवढ्या सामानावर तो बारा-बारा माणसं अशी उजळायचा की प्रत्येकाला वाटावं, दिवा आपल्यासाठीच लावलाय. "डाव्या दिव्याचं तोंड उजव्या टोकाला, उजव्याचं डाव्या टोकाला," तो सांगायचा, "मधल्यांना दोन्हींचा उष्टा उजेड पुरतो, गाढवा, कडेच्याला ताटात वाढावं लागतं." दिवे उंच चढवायचे, म्हणजे पुढच्यांच्या सावल्या मागच्यांच्या तोंडावर न पडता मागं जमिनीवर जातात. माणसं पडद्यापासून चार पावलं पुढं. चष्मेवाल्याच्या काड्या कानावर जरा वर, म्हणजे भिंगं चमकत नाहीत. हे सगळं शिकवून झाल्यावर एकदा मामानं त्याला कात्रीची जागा शिकवली. घरातला कर्ता माणूस कधी कधी फोटोआधी हळूच येऊन सांगतो, अमक्याला कडेला घ्या. जावयाचं बिनसलेलं असतं, भावात वाटण्या व्हायच्या असतात, सुनेचं काही खरं नसतं. मग त्या माणसाला टोकाला ठेवायचं, त्याच्या शेजारच्याच्या आणि त्याच्या मध्ये चार बोटांची फट ठेवायची, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर नको, पदर पदराला लागायला नको. उद्या कापायची वेळ आली तर कात्री सरळ खाली गेली पाहिजे. "आपण विचारायचं नाही," मामा म्हणाला, "आपण जागा ठेवायची."

"आमच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे," विमला सांगत होती. "चुलतसासऱ्यांचा. एकटेच बसलेत खुर्चीवर. पण त्यांच्या खांद्यावर चार बोटं आहेत. कुणाच्या तरी हाताची. बाई नाही, नुसती बोटं. लग्न होऊन आले तेव्हा विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, ती गेली. मेली का, म्हटलं. तर म्हणाल्या, गेली." ती थोडं हसली. मग तिनं सगळं सांगून टाकलं, आणि कुंडलिकला वाटलं, कशाला सांगते ही, मी कोण लागतो हिचा? सीतारामचं पत्र चार महिन्यांत तिच्या नावानं आलेलं नव्हतं, येतं ते आईच्या नावानं. सासूबाई बोलतात त्यातलं अर्धं हिला कळत नाही, कारण हिचं माहेर जुन्नरकडचं आणि सासूबाईंचं सगळं मालवणीत. भावाला तिनं लिहिलं होतं, भावाचं उत्तर आलं होतं, येत्या रविवारी न्यायला येतो, पोराला घेऊन तयार राहा, विचार बदलला तर तेवढं आधी कळव. "गेले तर परत घेणार नाहीत, हे मला माहीत आहे," विमला म्हणाली. "आणि थांबले आणि त्यांनीच हाकललं, तर पोरगं ठेवून घेतील. म्हणून तुम्हाला विचारते. त्या म्हणाल्या असतील तर मी जाते. म्हणाल्या नसतील तर मीच वेडी, उगाच संशय घेते, थांबते. तुम्ही एकटेच होतात ना तिथं, दिव्यापाशी." कुंडलिक म्हणाला, "उद्या या." ती गेल्यावर तो काउंटरमागं तसाच उभा राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पासपोर्टवाला पोरगा केव्हाचा बाकावर बसून होता.

तर झालं होतं असं. रविवारी सगळी मंडळी आत आली, खोली दहा बाय चौदाची, दिवे लागले की भट्टी. म्हणून माणसं लावेपर्यंत टेबलफॅन चालू ठेवायचा आणि बटण दाबताना बंद करायचा, नाहीतर पदर उडतात. फॅन जुना, त्याची खडखड अशी की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला कळू नये. धाकू आणि म्हातारी, तिचं नाव द्रौपदी, खुर्च्यांवर. मागं धाकटा मुलगा अनंत आणि त्याची नवी बायको. विमला पोराचं नाक पुसून आरशापाशी पदर नीट करत होती. पोरगं रडत होतं, धाकूनं त्याला मांडीवर ओढून घेतलं होतं. कुंडलिक उजवा दिवा वर चढवत होता, पाठ सगळ्यांकडं. आणि मागून द्रौपदीचा आवाज आला. ती जे बोलली ते तीन शब्दांचं होतं, शेवटचा शब्द "घे" होता, यात शंका नाही. त्याआधीचं त्यानं ऐकलं ते "तिका कडेक". तिका कडेक घे. तिला कडेला घे. त्यानं मान हलवली, सरळ विमलापाशी गेला, तिला डाव्या टोकाला आणून उभी केली. बस. पण मंगळवारी दुपारी, पासपोर्टवाल्या पोराची टाय सरळ करताना, त्याच्या कानात तेच तीन शब्द दुसऱ्या तऱ्हेनं वाजले. तेका कडेर घे. त्याला कडेवर घे. पोरगं रडत होतं. आजी आपल्या सुनेला म्हणाली असेल, पोराला कडेवर घे गं बाई. एकेका अक्षराचा फरक, आणि त्यात त्या फॅनची खडखड. कुंडलिक बार्शीकडचा, मालवणी त्याच्या कानाला वीस वर्षांनीसुद्धा अर्धीमुर्धीच लागायची. गिऱ्हाइकं अर्धी कोकणातली म्हणून हा आपला हो हो करत मान डोलवायचा, आणि आजवर निभावलं होतं. बसली ना आता पाचर!

पण मग म्हातारी गप्प का बसली? हे त्याला समजेना. मी सुनेला उचलून कडेला नेली, ते तिच्या डोळ्यांदेखत. तसं नको असतं तर बोलली असती, त्या बाईच्या तोंडाला काय कुलूप आहे? आणि तसंच हवं होतं तर निदान माझ्याकडं बघून मान तरी हलवली असती. संध्याकाळी त्यानं दुकान लवकर ओढलं आणि मागच्या काळोख्या खोलीत लाल बल्ब लावून ती निगेटिव्ह उजेडाला धरली. निगेटिव्हमध्ये सगळी माणसं काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या डोळ्यांची, तरी फट दिसायला काय लागतं? फट होती. चार बोटांची, वरून खाली, दोरी धरून आखावी अशी सरळ. अनंतच्या बायकोनं विमलाच्या दंडाला हात लावला असेल तर तो कुंडलिकनंच खाली घ्यायला लावला असणार, हे त्याला आठवेना, पण दुसरं कोण लावणार? म्हणजे माझ्या हातांनी कात्रीची जागा ऐकली होती. ठीक. पण मग त्यानं विमलाचं तोंड बघितलं. ते इतर सगळ्यांइतकंच काळं होतं, उलट कणभर जास्त, म्हणजे छापल्यावर सगळ्यांत उजळ. उजव्या दिव्याचं तोंड त्यानं तिच्याकडं नीट वळवलेलं होतं. ज्याला कापायचं त्याला कुणी एवढा उजेड वाढतं का? हातांनी फटही ठेवली आणि दिवाही दिला. आता या हातांना काय विचारायचं, कपाळ?

त्याला शाळेतला फोटो आठवला, आणि आठवला तसा त्याचा त्यालाच राग आला, कारण ही आठवण बोलावल्याशिवाय येते आणि येऊन काही सांगत नाही. सातवीचा वर्ग. तालुक्याहून फोटोवाला आला होता, काळं फडकं डोक्यावर घेणारा. गुरुजींनी पोरं लावली. कुंडलिकसकट त्याच्या वस्तीतली तिघं डाव्या टोकाला. तेव्हा बाबासाहेबांची दीक्षा व्हायची होती, वस्ती अजून जुन्याच नावानं होती आणि पाणी वेगळं प्यायची, तेव्हा टोकाला उभं राहण्यात कुंडलिकला काही नवल वाटलं नाही. महिन्याभरानं फोटो चौकटीत घालून शाळेत लागला. पोरं धावली. कुंडलिकनं टाचा उंच करून आपलं तोंड शोधलं, तर फोटो पाटलाच्या पोरापाशी संपत होता. पुढं चौकटीचं लाकूड. गुरुजी म्हणाले, "चौकट लहान पडली रे, कुंडलिक. सुतारानं माप चुकवलं." आणि हे गुरुजी असे की त्यांनी याला स्वतःची पुस्तकं दिलेली, तापात असताना वस्तीत येऊन डोक्यावर हात ठेवलेला. खोटं बोलणारा माणूस नव्हे. चौकट खरंच लहान पडली असेल. उजव्या टोकाची पोरं मात्र सगळी होती. तीस वर्षं झाली, कुंडलिकला अजून ठरवता आलेलं नाही. आणि आता त्याला भलतीच शंका आली, की आपला कानच तसा झाला असेल. फॅनच्या खडखडीत कुणी काहीही म्हणो, आपल्याला ऐकू येतं ते एकच, याला कडेला घे.

जेवताना त्यानं शकुला सांगितलं. शकु त्याची बायको, भाकरी थापतानाच निकाल देणारी. "एवढा काय इचार करताय?" ती म्हणाली. "सांगून टाका म्हातारी काय बोलली न्हाई म्हणून. बाईचा संसार वाचंल." तो म्हणाला, "आणि बोलली असली तर?" "तर तिचं ती बघंल." "अगं पण मी सांगितलं म्हणून ती थांबणार, आणि उद्या पोरगं काढून घेऊन तिला हाकललं तर?" शकुनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग सांगा बोलली म्हणून. जाऊ द्या तिला माहेरी." "आणि नसली बोलली तर? उगाच मोडला ना संसार?" "अवो, मग सांगा ऐकू आलं न्हाई!" शकु वैतागली. "खरं त्येच हाय ना?" खरं तेच होतं, पण ते सांगायची त्याला लाज वाटत होती. ज्याला ऐकू आलं नाही त्यानं एका बाईला दंडाला धरून कडेला का नेली, हे मग कुणीही विचारलं असतं.

बुधवारी ती आली तेव्हा कडेवर पोरगं होतं आणि चेहरा असा, की रात्री झोप नाही. कुंडलिकनं ठरवलं होतं, दोन्ही वाक्यं सांगायची, तिका-तेका, कडेक-कडेर, आणि हात जोडायचे. पण पोरानं काउंटरवरचा रबरी शिक्का उचलून तोंडात घातला, तिनं तो काढून घेतला, पोरगं रडायला लागलं, आणि ती त्याला थोपटत म्हणाली, "बोला. जे असेल ते. मी काही रडणार नाही." आणि तिचे डोळे आधीच भरलेले. कुंडलिकचा सगळा हिशोब चुकला. "म्हातारी काही म्हणाली नाही, ताई," तो म्हणाला. "मीच ठेवलं तुम्हाला तिथं. चूक माझी." "शपथ?" "शपथ." विमला हसली, एवढी मोकळी हसली की पोरगंही रडायचं थांबून तिच्या तोंडाकडं बघायला लागलं. "अहो, मी काय काय मनात आणलं! वाटच लागली होती माझी. बिचारी म्हातारी!" तिनं तिथंच काउंटरवर, कुंडलिकचंच पेन मागून घेऊन, आंतर्देशीय पत्र लिहिलं, भावाला, येऊ नकोस म्हणून. डिंकाची कडा जिभेनं ओली करून चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून गेली. कुंडलिकला बरं वाटलं. पण ते दोन मिनिटंच. पेटीतून पत्र परत काढता येत नाही, हे त्याला माहीत असूनही तो कोपऱ्यापर्यंत जाऊन पेटीकडं बघून आला.

गुरुवारी सकाळी द्रौपदी एकटीच आली. नऊवारी, डोळ्यांवर जाड भिंगं, चपला बाहेर काढून. "झाले काय रे फोटो?" शनिवारी शेजारचा कुणी मस्कतला निघाला होता, त्याच्या हाती पाठवायचा होता. कुंडलिकनं पाकीट पुढं केलं नाही. हातात धरूनच, सगळा धीर गोळा करून त्यानं विचारलं, "आजी, रविवारी मी दिवा चढवत होतो तेव्हा तुम्ही काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?" म्हातारी आठवायला लागली. "तुका खंय काय सांगलंय?" ती म्हणाली. "मी विमलाक सांगत होतंय, तेका कडेर घे. नातू रडत होतो मां. तर तूच तिका धरून कडेक नेलंस. माका वाटला, तुमच्या धंद्याची कायतरी रीत आसात." हात्तिच्या! कुंडलिकला मोठ्यानं हसू आलं. तो हसतच सुटला. आपण खोटं म्हणून सांगितलं ते खरंच निघालं होतं, बाईचं घर शाबूत होतं, तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला सरळ सांगितलं होतं की कापायचं कुणाच्या मनात नव्हतं. त्यानं पाकीट उघडून फोटो काउंटरवर ठेवला, अगदी कौतुकानं, आणि आजींसाठी खुर्ची ओढली.

द्रौपदी बसली नाही. तिनं फोटो उचलून दाराच्या उजेडात धरला. धाकू, ती स्वतः, अनंत, नवी सून, मांडीवर नातू. सगळ्यांची तोंडं स्वच्छ उजळलेली, कुणावर कुणाची सावली नाही. कुंडलिक शाबासकीची वाट बघत होता. म्हातारीनं फोटो भिंगांच्या आणखी जवळ नेला, आणि मग तिनं विमलाच्या आणि बाकीच्यांच्या मधल्या फटीवर अंगठा ठेवला. "बघ," ती म्हणाली, "सगळी एकीकडे, ही एकीकडे. उपरी कशी दिसता बघ." कुंडलिक म्हणाला, "नाही नाही, ते माझ्यामुळं." पण तिनं ऐकलं नाही. तिचा आवाज वाईट नव्हता, घरातलं काही हरवलेलं सापडावं तसा होता. "चार वर्सां घरात आसा, माका कळत नव्हता काय चुकता ता. फोटोत दिसला." तिनं विमलावर तळवा धरला आणि उरलेला फोटो बघितला. "आणि ह्यां बरां दिसता. सीतारामाक धाडूचो तो हयसून कापून दी. येतलो मां कापूक?" कुंडलिकनं फोटोकडं बघितलं. कापता येत होता. कात्री सरळ खाली गेली असती, कुठं अडायला पदर नाही की बोट नाही. आणि नातू आजोबांच्या मांडीवर, म्हणजे कापल्यावर इकडंच राहणारा. हे त्यानं आत्तापर्यंत बघितलंच नव्हतं.

"संध्याकाळी देतो," तो म्हणाला, आणि फोटो तिच्या हातातून काढून घेतला. म्हातारी "बरां" म्हणून चपला घालून बाजाराच्या दिशेनं गेली. कुंडलिकनं दिव्यांचा मेन बंद केला, फोटो आणि निगेटिव्ह शर्टाच्या आत घातली, भर सकाळी शटर ओढलं. भटवाडीचा चढ चढताना त्याला एकदाही असं वाटलं नाही की परत फिरावं, आणि त्याचंच त्याला नवल वाटत होतं. विमला दारातच तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून तिनं पदर सावरला. "अहो, तुम्ही? फोटो आणलात?"

"भावाला तार करा," कुंडलिक म्हणाला. "ये म्हणून. आजच करा."

तिच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हणजे त्या म्हणाल्या होत्या?"

"रविवारी नव्हत्या म्हणाल्या. आज म्हणाल्या." तो धापा टाकत होता. आतून धाकूचा खोकला ऐकू आला, तरी त्यानं आवाज खाली घेतला नाही. "मी फट ठेवली ना, ताई. ती बघून म्हणाल्या."

कुंडलिकनं फोटो आणि निगेटिव्ह शर्टातून काढून तिच्या हातात दिली, आणि मान खाली न घालता तिच्यासमोर उभा राहिला.